काहिलीतला जावई

मला पोहता येत नाही, ही गोष्ट लग्नाच्या बैठकीत मी मुलीकडच्यांना सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नाही! दुकान विचारलं, जमीन विचारली, तंबाखू खाता का तेही विचारलं. बारामतीत माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. पाणी खालून वर खेचायचं, पाइपातून सोडायचं आणि लांब उभं राहून बघायचं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. त्यामुळं मी काही लपवलं असं कुणाला म्हणता येणार नाही. पुढं एके दिवशी सासुरवाडीच्या अख्ख्या गावाला ते एकदमच कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं ती काही जावयाला शोभणारी रीत नव्हती.

सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव वर माळावर जाऊन बसलं. पूर्वी जिथं हुलगेसुद्धा नीट उगवत नव्हते तिथं आता ऊस, आणि उसाच्या पलीकडं नजर पोचेल तिथवर पाणी. पल्याडची करमाळ्याकडची झाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसायची. आणि या पाण्यावर माझे सासरे, म्हातारपणी, एकटे, शिडाची नाव चालवायचे.

सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढली. मिशा झुबकेदार, आवाज हॉर्नसारखा, आणि आपल्याइतकी चांगली गाडी पुणे जिल्ह्यात कुणी चालवत नाही याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. बरीच वर्षं त्यांच्या गाडीचा मुक्काम कोकणात एका खाडीकाठच्या गावी असायचा. बाकीचे ड्रायव्हर मुक्कामाला पत्ते कुटायचे आणि तात्या खलाशांच्या होडीत जाऊन बसायचे. शीड कसं चढवायचं, सुकाणू कसं धरायचं, वारा तोंडावर आला तरी नागमोडी जात जात त्याच्याच अंगावर कसं चालून जायचं, सगळं शिकले. पण शिकून करणार काय? घरी यावं तर माळावर प्यायला पाणी नाही! मग ते रिटायर होऊन आले आणि बघतात तर दारात समुद्र.

“मला काय समुद्राकडं बदली मिळाली न्हाय,” तात्या म्हणायचे, “म्हणून त्योच बदली घिऊन आला की हितं!”

त्यांनी भोयांकडून एक जुनी होडी आणली. तिच्यात बांबूची डोलकाठी उभी केली. मळणीच्या दोन ताडपत्र्या जोडून शीड शिवलं, तेही मामींच्या शिलाई मशीनवर. (आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. त्या मशीनच्या मोडलेल्या सुयांचा विषय मामींपुढं आजही काढू नये.) होडीला तांबडा रंग दिला, वर पिवळा पट्टा. आतल्या बाजूला पिवळ्या अक्षरांत तीन पाट्या रंगवल्या: ‘धूम्रपान करू नये’, ‘चालकाशी बोलू नये’ आणि ‘आसनसंख्या: एक’.

मी पहिल्यांदा ती मधली पाटी वाचली तेव्हा हसून म्हणालो, “तात्या, होडीत तुम्ही एकटेच. मग चालकाशी बोलणार कोण?”

“म्हणूनच झ्याक चालतीया,” तात्या म्हणाले. “इतकी वर्सं माझ्या मागं गाडीभर माणसं बसली. कुणाला थांबवायचं असतंय, कुणाला वकायचं असतंय, कंडक्टर एक घंटी मारतोय, दोन मारतोय. दुसऱ्याच्या घंटीवर जलम गेला, जावईबापू. आता एकट्यानं जायाचं. वाटलं तर थांबायचं.”

हे सगळं ऐकायला फार छान होतं. मामींना मात्र ते काठावर उभं राहून बघावं लागायचं.

आता मूळ गोष्ट. नव्वदीच्या दशकातला एक अधिक भाद्रपद. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचं राज्य! तीन वर्षांतून एकदा लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे, कपडे करायचे. आमच्या भागात आणखी एक गंमत आहे. ताटावर बसल्यावर जावयानं रुसायचं. हात आखडून बसायचं. सासऱ्यानं विचारायचं, “काय मागता?” आणि जावई जे मागेल ते द्यायचं. घड्याळ मागतात, सायकल मागतात, एका बहाद्दरानं गाईची कारवड मागितली होती. 

आम्ही आदल्या दिवशी पोचलो तोच मामींनी मला चुलीपाशी बोलावलं.

“पावणं, औंदा तुमी रुसायचं.”

“रुसणारच की! जावई आहे मी.”

“घड्याळ-बिड्याळ मागू नका. नाव मागा.”

“नाव? मी काय करू नाव घेऊन? बारामतीत कॅनॉलमध्ये सोडू?”

“मोडून चुलीत घालू. पर त्यांच्या हातनं काडून घ्या.” मामींनी चुलीत एक लाकूड सारलं. “वारं सुटलं की मला घरात बसवत न्हाय. ल्योक सांगून दमला. माझं तर ते ऐकतच न्हाईत. पर धोंड्याच्या ताटावरचा शब्द मोडायची त्यांची टाप न्हाय.”

माझी बायको सुमन शेजारी अनारसे तळत होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच होकार दिला. खरं सांगायचं तर मला जरा मोठेपणच वाटलं. साऱ्या घराला जे जमलं नाही ते आपल्याला नुसतं रुसून जमणार! मी त्या दिवशी रुसण्याचा थोडा सरावही केला.

दुसऱ्या दिवशी मी कडक इस्त्रीची पांढरी सफारी घालून तयार. आणि तात्या कुठंत? पहाटेच पल्याड गेले! त्यांची बहीण तिकडं करमाळ्याच्या बाजूला दिलेली, तिला धोंड्याचं वाण द्यायला. “जेवायच्या वक्ताला हजर,” असं सांगून गेले होते. जेवायची वेळ झाली. जेवायची वेळ टळली. सासऱ्यानं पाट मांडल्याशिवाय जावयानं घास घ्यायचा नाही, त्यामुळं मी अनारशांच्या वासात बसून न रुसताच उपाशी होतो.

वारा वाढला. मावळतीचा, आमच्या पाठीवरून पाण्याकडं जाणारा वारा. आम्ही सगळे काठावर गेलो. आमच्या मागोमाग गाव आलं. तेवढ्यात लांबवर शिडाचा ठिपका दिसला.

“आलं, आलं!” मामींनी हात जोडले.

पण ठिपका आला तो सरळ येईना! आधी तो डावीकडं गेला. बराच गेला. मग एकदम शीड फडफडलं, नाव वळली आणि उजवीकडं निघाली. पुन्हा डावीकडं. आमच्याकडं तोंड करून एकदाही नाही.

सखाआबा तात्यांचे जुने दोस्त. त्यांनी डोळ्यावर हात धरून निदान केलं, “स्टेअरिंग गेलं!”

“काय सांगता, आबा!”

“बघा की. कुठंबी वळतंय. गाडी हातात न्हाय ऱ्हायली. न्हाय तर तात्यालाच काय तरी झालं आसंल.”

काठावर एकच गलका झाला. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नाव अशीच नागमोडी येते, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तात्यांनी ते मला दहा वेळा सांगितलं होतं, पण सासरा बोलत असताना जावई जेवढं लक्ष देतो तेवढंच मी दिलं होतं. 

माझा मेहुणा दिलीप. ऊस आणि गुऱ्हाळ तोच बघतो. त्यानं मोटारसायकलला किक मारली. “मी खालच्या वाडीतनं इंजिनाची होडी आणतो. दाजी, तुमी कायबी करू नका!”

अख्ख्या गावासमोर, धोंड्याच्या दिवशी, जावयाला सांगायचं की तुमी कायबी करू नका! माझ्या अंगात काहीतरी सळसळलं.

“आबा,” मी म्हणालो, “पाण्यात जाण्यासारखं इथं दुसरं काहीच नाही?”

सखाआबांनी शांतपणे दिलीपच्या गुऱ्हाळाकडं बोट दाखवलं. तिथं छपराखाली काहील पालथी पडली होती. रस उकळून गूळ करायची ती भली थोरली लोखंडी कढई. चार माणसं मांडी घालून आरामात बसतील एवढी.

“आमच्या वक्ताला नदीला पाणी आलं की काहिलीतनंच पल्याड जायचो,” आबा म्हणाले. “वऱ्हाड नेलंय, नवरीसकट! मी हितनं नाडा धरतो की. व्हा पुढं.”

दहा-बारा जणांनी काहील ओढत आणून पाण्यात ढकलली. ती तरंगली! लोखंड तरंगतंय बघून माझा आत्मविश्वास फार वाढला. सुमन जवळ येऊन हळूच म्हणाली, “अहो, तुमाला पवता येतंय न्हवं?”

“काहिलीत बसणाऱ्याला पोहायचं काय काम?” मी म्हणालो आणि सफारी सावरत आत पाय टाकला. हातात गूळ घोटायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. काहिलीच्या कडीला नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, आणि नाड्याचं टोक आबांच्या हातात. बायका हळहळल्या, गडी ओरडले, मी हात हलवला.

काहिलीला तोंड नसतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. नावेला पुढं असतं, मागं असतं. काहील सगळीकडून सारखीच! मी उजवीकडं फावडं मारलं, ती गोल फिरली. डावीकडं मारलं, ती उलटी गोल फिरली. समोर आधी करमाळा आला, मग गुऱ्हाळ आलं, मग सुमन आली, मग परत करमाळा. पुढं काही मी गेलो नाही. पण वारा मला नेत होता. तेवढ्यात मांडीला काहीतरी कडकडून चावलं. काहिलीच्या कडेखाली गेल्या हंगामातल्या गुळाची करपून चिकटलेली खापरी राहिलेली आणि तिच्यावर मुंगळ्यांचं गाव वसलेलं! पाणी बघून ते सगळे वर, म्हणजे माझ्याकडं निघाले. मी उठून सफारी झटकायला लागलो, तर काहील एका अंगाला कलली आणि भसकन पाणी आत आलं.

“आबा! ओढा! नाडा ओढा!”

मी वळून पाहिलं. (वळावं लागलं नाही, काहिलीनंच वळवलं.) सखाआबा काठावर उभे होते आणि तंबाखू मळत होते. दोन्ही हातांनी. चुना लावून, टिचक्या मारून, मन लावून. आणि नाडा माझ्या मागून पाण्यात सापासारखा सरसरत येत होता!

“आबा, नाडा!” मी किंचाळलो.

आबांनी रिकाम्या हातांकडं बघितलं, चिमूट दाढेखाली ठेवली आणि ओरडले, “आगं आयाया! सुटला की!”

आता काठ लांब गेला. माणसं लहान झाली. काहिलीत घोट्याएवढं पाणी. मी एक बूट काढून त्यानं पाणी उपसत होतो आणि दुसऱ्या हातानं मुंगळे उपसत होतो. मग हळूहळू ओरडणं ऐकू येईनासं झालं आणि मला पहिल्यांदा ते पाणी दिसलं. रोज पंपानं खेचतो ते पाणी हे नव्हतं. चहूबाजूंनी काळंसावळं, आपल्याच तंद्रीत हलणारं. त्याला माझं काही नव्हतं. ना राग, ना लोभ. मी जावई आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मला फार भीती वाटली. मी सुमनला हाक मारली आणि ती माझी मलासुद्धा नीट ऐकू आली नाही.

आणि मग तात्या आले.

तसं येणं मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. वारा त्यांच्या विरुद्ध, लाटा विरुद्ध, आणि ती तांबडी नाव एका अंगावर कललेली, ताडपत्रीचं शीड तट्ट फुगलेलं, बाजूची फळी पाणी कापत चाललेली. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त पाण्याची कुजबुज. आणि त्या सगळ्याच्या मध्यात एक म्हातारा माणूस, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात दोर, तोंड वर करून वारा हुंगत बसलेला. स्टेअरिंग गेलेलं नव्हतं. ते इतकं हातात होतं की बघता बघता मी पाणी उपसायचंच विसरलो.

नाव माझ्या वाऱ्याकडच्या अंगाला आली, शीड सैल पडलं आणि ती टपालाच्या गाडीसारखी बरोबर माझ्यापुढं थांबली.

“जावईबापू,” तात्या म्हणाले, “कुठं निघाला?”

“तुम्हाला वाचवायला!”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. एका पायात बूट, एका हातात बूट, मानेवर मुंगळे. मग सगळ्या गालावर मिशा पसरेपर्यंत हसले. 

“तात्या, मला वर घ्या हो! मला पोहता येत नाही!”

त्यांनी बोटानं आतली पाटी दाखवली. “आसनसंख्या एक. फुल्ल हाय गाडी.” आणि खाली वाकून त्यांनी माझा तरंगणारा नाडा उचलला आणि नावेच्या मागं बांधला. “हुभं ऱ्हायचं न्हाय. मधी बसा. पानी उपसा.”

“पण तात्या, हे असं वाऱ्यावर...”

त्यांनी दुसरी पाटी दाखवली. मी गप्प बसलो.

आम्ही नागमोडी निघालो. पुढं नाव, मागं काहील, उसाच्या गाडीला ट्रेलर लावावा तशी. फार हळू. दर वळणाला मी इकडून तिकडं भोवंडून यायचो. अर्ध्या वाटेत, भर पाण्यात, तात्यांनी अचानक शीड सैल सोडलं. नाव थांबली, काहील सरकत तिच्याजवळ आली. मला वाटलं, आता काय मोडलं?

“हितं खाली आपला जुना थांबा,” तात्या म्हणाले. हॉर्नचा आवाज कुठं गेला कोण जाणे. “चिंचेचं झाड व्हतं. पहिली गाडी मी ह्याच गावात आणली. समदं गाव नारळ घिऊन हुभं. ही तुमची मामी नवी नवरी म्हणून माझ्याच गाडीतनं हितं उतरली.”

मी काहिलीच्या कडेवरून खाली बघितलं. काही दिसलं नाही. पाणीच पाणी. पण आमच्या खाली रस्ता होता, चिंच होती, थांबा होता, आणि या माणसाला तो वरून, वाऱ्यावरून, मुठीत दोर धरून अचूक सापडत होता. 

“येता-जाता हितं थांबतो. कोण चढत न्हाय, कोण उतरत न्हाय. पर थांबा हाय म्हणल्यावर थांबाय पायजे.” मग त्यांनी डोलकाठीला बांधलेली पितळी घंटी दोनदा वाजवली आणि शीड ओढून घेतलं.

काठाला लागलो तेव्हा दिलीपही हात हलवत परत आलेला. इंजिनाच्या होडीत डिझेल नव्हतं. मामी आधी रडल्या, मग तात्यांना बोलल्या, मग पोहता येत नसताना गेलो म्हणून अख्ख्या गावादेखत मला बोलल्या. सुमन फक्त माझ्या बुटांकडं बघत होती.

सफारी सोडावी लागली. मला होईल असा कोरडा कपडा घरात एकच निघाला: तात्यांचा जुना खाकी युनिफॉर्म, छातीवर बिल्ल्यासकट. त्या वेशात मी धोंड्याच्या पाटावर बसलो. समोर पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, तुपाची वाटी. मी ठरल्याप्रमाणं हात आखडले. मामी दाराआडून माझ्याकडं एकटक बघत होत्या.

तात्या समोर उकिडवे बसले. त्यांनी ओळखलं होतं. चुलीपाशी झालेलं बोलणं त्या घरात कधी चुलीपाशी राहत नाही.

“मागा, जावईबापू. नाव मागितली तरी दीन. ताटावरचा शब्द हाय.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ताटाकडं पाहिलं. अख्खा जलाशय तोंडावरचा वारा घेऊन ओलांडणारा तो माणूस माझ्या ताटापुढं पहिल्यांदा म्हातारा दिसला. मामींची भीती खरी होती. मी तर ती आत्ताच काहिलीत बसून भोगली होती. पण चिंचेखालचा थांबाही खरा होता. आणि तिथं मामींच्या नावानं घंटी वाजते हे मामींना कुणी सांगितलंच नव्हतं.

“तात्या,” मी म्हणालो, “मला शब्द द्या. पल्याड जाताना आणि येताना त्या थांब्यावर घंटी मारता ना? तशी इथं काठावर पोचल्यावरही मारायची. दोनदा. मामींना स्वयंपाकघरात ऐकू येईल एवढी मोठी.”

“कुठला थांबा?” मामी दारातून म्हणाल्या.

तात्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, मान खाली घालून. मामी दाराआडून पुढं आल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “बगा की काय माणूस हाय. इतकी वर्सं थांबतोय आन् सांगितलं न्हाय!” आणि माझ्या ताटात आणखी चार अनारसे वाढून गेल्या. नाव राहिली. काठावर नवी मोठी घंटी आली. ती दोनदा वाजली की मामी भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या.

माझं काय? तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. मी पाटावर बसलो. तबकात कापड होतं, नारळ होता, आणि तबकाशेजारी ट्रकच्या चाकाची ट्यूब, हवा भरून, हळदकुंकू लावून ठेवलेली! तात्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्या पावण्यारावळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातली. त्याचा फोटो आज माझ्या दुकानात गणपतीशेजारी आहे. पंप न्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, “शेठ, कसला सत्कार?” मी म्हणतो, जीव वाचवल्याबद्दल. कुणी कुणाचा वाचवला, ते मी सांगत नाही. पण नीट बघणाऱ्याला ते कळतंच, कारण ट्यूबवर तात्यांनी पिवळ्या रंगात ठळक लिहून ठेवलंय: ‘आसनसंख्या: एक. जावयासाठी राखीव.’